गाऱ्हाण्याचा आवाज

१८ नोव्हेंबर, सोमवार

श्रुतिकाने ही वही आणून दिली. माझी लेक महाडला मेडिकलमध्ये कामाला आहे, तिथे औषधकंपन्यांची माणसं अशा वह्या वाटत फिरतात. म्हणाली, "बाबा, गाऱ्हाणं लिहून ठेवा. आजोबांनी लिहिलं नाही, तुम्ही तरी लिहा." लिहायला बसलो आणि लक्षात आलं की गाऱ्हाणं मला झोपेतसुद्धा पाठ आहे. मग वही कशाला फुकट घालवा? दुसरं काहीबाही लिहू.

तर मी सयाजी. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, वाडीत भाताची गिरण माझी. शिमग्याला होम लागायच्या आधी सोमजाईपुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने मागणं मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि तो मान आमच्या घराचा. पंचावन्न वर्षं बाबांनी घातलं. श्रावणात बाबा गेले. या शिमग्याला मी.

बाबांचं नाव रामा; आवाज घोगरा, खोल, खरखरीत. लोक म्हणायचे, हा रामाचा नाय, सोमजाईचा आवाज हाय. मुंबईकर मोबाइलवर भरून न्यायचे. माझा आवाज पातळ. शाळेत पोरं मला पिपाणी म्हणायची. या पातळ आवाजात देवीपुढे कसं उभं राहायचं, याची मला खरोखर धास्ती होती.

होती म्हणतोय, कारण दिवाळीपासून माझा आवाज बदलत चाललाय. सकाळी उठलो की बसका आणि खरखरीत. आज गिरणीवर भात घेऊन आलेला एक जण म्हणाला, "रामातात्या बोलल्यागत वाटलं रे." अंगावर मूठभर मांस चढलं. बाबा गेले आणि आवाज मला देऊन गेले, दुसरं काय?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

गिरण जोरात चाललीय. पहाटेपासून पोत्यांची रांग. दुपारचं जेवण चारला, रात्रीचं साडेदहाला, आणि अंगात त्राण नसतं म्हणून हात धुतला की आडवा. माझी बायको आवडी म्हणते, "अवो, घास गळ्याखाली तरी उतरू द्या." मी म्हटलं, उतरायला वेळ लागतो म्हणूनच झोपतो, निवांत उतरू दे.

खोकला लागलाय, कोरडा. गिरणीचा कोंडा, आणखी काय. तोंडाला फडकं बांधतो. आवाजाला धार यावी म्हणून झोपताना मिरी-सुंठीचा कडक काढा घेतो आणि दिवसभर तोंडात पेपरमिंटची गोळी. बाबाही काढा घ्यायचे. आवाज चांगलाच खाली उतरलाय.

८ डिसेंबर, रविवार

महिपत आलाय मुंबईहून. माझा चुलतभाऊ, भांडुपला असतो, कंपनीतून रिटायर झाला. मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला गाऱ्हाण्याची हौस आहे, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. संध्याकाळी पडवीत बसून मी त्याला दोन ओळी म्हणून दाखवल्या. प्रत्येक ओळीनंतर हा आपला घसा खाकरतोय. खर्र, खर्र. मुद्दाम. म्हणजे मी कुठे अडखळतो ते सगळ्यांना कळावं. असली कुजकी खोड लहानपणापासूनची आहे त्याची.

बाबांच्या आठवणी निघाल्या. शेवटची सात-आठ वर्षं बाबा कधी आडवे होऊन झोपले नाहीत. खांबाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायचे. लोक म्हणायचे, देवीचा माणूस हाय, राखण करतो. पन्नाशीत सगळे दात गेले, तरी शब्द कसा स्वच्छ. खिशात सदा खडीसाखर. अशी माणसं आता नाहीत.

१९ डिसेंबर, गुरुवार

घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पाणी प्यायलो तरी जात नाही, भाकरीचा कोरडा घास गिळला तरी जात नाही. सकाळी तोंडाला आंबूस चव असते. थंड पाण्याने दाढा झिणझिणतात.

आवडीला सांगितलं नाही. इथेही त्या रोगाचं नाव लिहीत नाही. पण मनात येतं. तंबाखू कधी खाल्ली नाही मी, तरी येतं.

३ जानेवारी, शुक्रवार

पूर्वी आवाज फक्त सकाळी बसायचा. आता दिवसभर. गिरणीच्या आवाजात गिऱ्हाइकाला ओरडून सांगावं लागतं, तर अर्ध्यात नुसती हवा येते. बाबांचा आवाज यायच्या आधी असंच होत असेल. कात टाकताना सापसुद्धा पडून राहतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

नव्या माणसाने संक्रांतीला गावकीसमोर गाऱ्हाणं एकदा म्हणून दाखवायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. देवळात सगळे जमले होते. महिपतही आला होता. सकाळपासून उपास, वर तीन वेळा काढा, एक लवंग दाढेखाली. पहिल्या चार ओळी अशा निघाल्या की गावकर कुशाबांनी डोळे मिटले. रामाच, कुणीतरी म्हणालं. पाचव्या ओळीला, "मुंबईला गेलेल्या लेकरांना" इथे आलो आणि आवाज तुटला. खोकला सुरू झाला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी. पुन्हा सुरुवात केली तर आवाजच नाही.

जोडलेले हात सोडले आणि खाली बसलो.

कुशाबा चांगला माणूस. म्हणाले, "सयाजी, शिमग्यापर्यंत बघ. आवाज आला तर मान तुझाच. पण गाऱ्हाणं मधीच तुटलं तर वाडीला वरीसभर खोट लागते, ते मी होऊ द्यायचा नाय. नायतर महिपत घालंल." महिपतने घसा तेवढा खाकरला.

मान आमच्या घरातून माझ्या हातून जाणार. बाबांना जाऊन सहा महिने झाले नाहीत. मला रडू आलं आणि ते आवडीने पाहिलं. तिने श्रुतिकाला फोन लावला.

१६ जानेवारी, गुरुवार

श्रुतिकाने महाडला घशाच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टर प्रियदर्शिनी. वय माझ्या लेकीएवढं. मी मनात म्हटलं, ही काय माझा घसा बघणार, हिच्या घशातून अजून नीट आवाज फुटत नाही. नाकातून बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. टीव्हीवर माझाच घसा मला दाखवला.

तो रोग नाही. हे आधी लिहितो. तिने दोनदा सांगितलं. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पाच मिनिटं उठताच आलं नाही.

आता जे आहे ते ऐका. म्हणे आम्लपित्त. मी म्हटलं, ताई, माझ्या छातीत जन्मात जळजळ झाली नाही, मी दगड पचवतो. ती हसली. म्हणाली, "बऱ्याच जणांना जळजळ होतच नाही. पोटाच्या तोंडाशी झडप असते, ती सैल पडली की आंबट पाणी वर चढतं. तुम्ही आडवे झालात की थेट घशापर्यंत. आवाज बसणं, खोकला, घशात गोळा, झिजलेल्या दाढा, सगळं त्याचंच." गिरणीत झडप सैल असली की तांदूळ कुठे कुठे जातो ते मला सांगायला नको. तेवढं लगेच पटलं.

पुढचं पटलं नाही. मी म्हटलं, पण हा घोगरा आवाज आमच्या घरातला आहे, माझ्या बाबांचा. तर म्हणते, "हा आवाज तुमचा नाही, सुजेचा आहे." मला राग आला. मग तिने बाबांबद्दल विचारलं. कसे झोपायचे, दात कधी गेले, खोकायचे का. मी अभिमानाने सगळं सांगितलं, खांबाला टेकून झोपायचं, खडीसाखर, सगळं. ती लिहून घेत होती. वयाने लहान, पण मोठ्या माणसाचं ऐकून घेते, एवढा गुण आहे.

तिची फर्मानं: गोळी सकाळी, खाण्याआधी अर्धा तास. रात्रीचं जेवण सातच्या आत, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. काढा बंद, पेपरमिंट बंद, उपाशीपोटी चहा बंद. लेंग्याची नाडी सैल. जेवून लगेच पोती उचलायची नाहीत. घसा खाकरायचा नाही, घोट घोट पाणी प्यायचं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. उशा वाढवून उपयोग नाही, माणूस पोटात दुमडतो.

शिमग्याला आठ आठवडे आहेत म्हटलं. म्हणाली, "सूज उतरायला दोन-तीन महिने लागतात. अगदी काटेकोर पाळलंत तर जमेल."

काटेकोर? गिरणवाल्याला सांगते.

२१ जानेवारी, मंगळवार

विटा लावल्या. दोन्ही पायांखाली दोन-दोन. रात्रभर मी आणि आवडी खाटेच्या पायथ्याशी गोळा. सकाळी ती म्हणाली, "हे आमलपित नाय, घसरगुंडी हाय." तिने आपली चटई खाली टाकली. आता उतारावर मी एकटाच.

संध्याकाळी सहाला गिरण बंद. गिऱ्हाईक ओरडलं. ओरडू दे, माझ्याकडे परत ओरडायला आवाज कुठे आहे?

४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रीचा खोकला गेला. कोंडा तेवढाच उडतोय, तरी गेला. म्हणजे बिचाऱ्या कोंड्याला उगाच शिव्या घातल्या. घशातला गोळा वाटाण्याएवढा उरलाय.

पण आवाज. आज गिरणीवर हाक मारली तर पिपाणी. स्वच्छ, पातळ, शाळेतली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय सयाजी, बरा झालास वाटतं." सगळे खूश. मी तेवढा नाही. बाबांचा आवाज आला होता तो औषधाने धुवून काढला मी. आता मान राहिला तरी लोक ऐकून काय म्हणतील? आवडीला सांगितलं. म्हणाली, "मग परत पडा आजारी." तिला काय कळतं?

तरी एक लिहून ठेवतो. गोळी चुकवावी असं मनात आलं होतं. चुकवली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल दासगावला लग्न. आवडीच्या माहेरचं, टाळता येईना. पंगत साडेदहाला बसली. सावित्री नदीची मासळी, दोनदा वाढून घेतली, वर पान. मांडवात सगळ्यांबरोबर सतरंजीवर सपाट झोपलो. एका दिवसाने काय होतं, आवाज तर आलाय.

सकाळी उठलो तर आवाज गेलेला. बाबांचा घोगरा आवाज परत आला, जसाच्या तसा. मासळीबरोबर आला.

पोलादपूरपर्यंत एसटीत खिडकीशी बसून यावरच विचार करत होतो. देवीची कृपा दासगावच्या पंगतीत साडेदहाला वाढतात का? उत्तर मला आवडलं नाही. घरी आल्यावर विटा हलवून बघितल्या, घट्ट आहेत.

१ मार्च, शनिवार

आवाज सुधारतोय. पिपाणी तर पिपाणी, पण न तुटता शेवटपर्यंत जाते. गिरणीमागे उभं राहून पूर्ण गाऱ्हाणं म्हटलं, एकदाही खोकलो नाही.

आणि आता नवंच संकट. कुशाबा येऊन आठवण करून गेले. गाऱ्हाणं घालणाऱ्याने होमाआधी पाच दिवस पाळणूक करायची. दिवसा निरंकार, म्हणजे अन्नाचा कण नाही, देवीपुढे दिवा लागल्यावर एकच जेवण, आणि झोपायचं देवळात, जमिनीवर, उशी न घेता. बाबा रात्री नऊला दिवा लावायचे, दहाला जेवायचे, तिथेच आडवे; शेवटची वर्षं तेवढी खांबाला टेकून. डॉक्टरणीने जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं या पाच दिवसांत करायचं. दासगावला एका रात्रीत आवाज गेला. इथे तर पाच रात्री.

पाळणूक मोडली तर मान गेला. पाळली तर आवाज गेला, म्हणजे पुन्हा मानच गेला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

४ मार्च, मंगळवार

तुळजाबाई आतेकडे गेलो. बाबांची मोठी बहीण. नवऱ्यामागे परत माहेरच्या वाडीतच राहिली. नव्वदीला टेकली आहे, पण जिभेची धार कायम. सगळं सांगितलं, झडप, विटा, पाळणूक. तिने डोळे बारीक करून ऐकलं.

म्हणाली, "दिवा नऊला लावायचा असं कुणी सांगितलं रं तुला?"

मी म्हटलं, बाबा तसंच करायचे.

"रामा पोलादपूरला हमालीला जायचा. यायलाच नऊ वाजायचे त्याला, मग कवा लावंल दिवा? आमचा आजा दिवेलागणीला लावायचा. गुरं गोठ्यात आली की दिवा, नि लगेच जेवण."

म्हणजे पंचावन्न वर्षं आम्ही नऊचा मुहूर्त समजत होतो, तो गाडीचा टाइम निघाला.

"नि उशी?"

"उशी नको म्हणलंय," आते म्हणाली. "फळीला कोण नको म्हणलंय? जमिनीवर फळी टाक, डोक्याकडं दगड लाव. उशी दिसली तर मला सांग."

वकील व्हायला हवी होती ही बाई. तशीच उठून काठी टेकत कुशाबांकडे गेली आणि त्यांना आपल्या आजाच्या नावाने इतकं ऐकवलं की ते व्हय व्हय करत बसले. दिवसाच्या उपासाचं मात्र तिने ऐकलं नाही. म्हणाली, तेवढं सोस. डॉक्टरणीला फोन केला, ती म्हणाली गोळी आणि पाणी चालू ठेवा, जेवण पोटभर नको, बाकी सोसा. दोघी एकमेकींना भेटल्या नाहीत ते बरं, गावकी ताब्यात घेतील.

११ मार्च, मंगळवार

देवळात तिसरा दिवस. साडेसहाला दिवा, सातला भात आणि मुगाचं वरण, मग दहापर्यंत बसून राहायचं. फळी जुन्या दरवाजाची आहे, टोचते. महिपत आलाय होमासाठी. संध्याकाळी येऊन समोर बसला. घसा खाकरत राहिला. मला आता राग येत नाही. पण एक दिसलं. रात्री देवळाच्या पडवीत सगळे झोपले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता.

१४ मार्च, शुक्रवार

आमच्या वाडीचा होम उजाडता लागतो. आज लागला. आता दुपार आहे, घरी येऊन लिहितोय.

पहाटे माणूस न माणूस जमला होता. मुंबईकर मोबाइल वर धरून उभे. मी होमापुढे उभा राहिलो, देवीला हात जोडले आणि म्हटलं, "आई सोमजाई, वाडीची लेकरं तुझ्या पायरीशी उभी हायत."

पातळ आवाज. इतका स्वच्छ की पलीकडच्या डोंगराने परत दिला. यावर सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोन-चार मोबाइल खाली आले. मला वाटलं, आवाज राखला आणि मान घालवला.

मग मागून, बायकांच्या घोळक्यातून, म्हातारा काटकुळा आवाज आला. "व्हय महाराजा."

तुळजा आते. काठीवर भार देऊन उभी, डोळ्यांतून धारा. एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, आणि मग सगळी वाडी म्हणाली. मी पुढची ओळ घेतली. भाताला करपा नको, आंबेनळी घाटाच्या वळणांवर कुणाची गाडी अडायला नको, मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखाने परत आण. तिथे तुटला होता संक्रांतीला. आज तुटला नाही. शेवटपर्यंत गेलो आणि शेवटच्या "व्हय महाराजा"ने झाडावरची पाखरं उडाली.

नंतर आतेच्या पाया पडलो. म्हटलं, आते, बाबांसारखा नाही निघाला. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बाबासारखा नाय? अरे येड्या, हाच रामाचा आवाज. लग्नाआधी असाच बोलायचा, बासरीगत. पहिला शिमगा असाच घातला त्याने. मग हमालीला लागला नि दोन-चार वर्सांत घसा बसला त्याचा. मी म्हणायची, रामा, दाखव कुणाला तरी. तर लोकच म्हणाले, अंगात देवी आली, आता कशाला दाखवतोस?"

मी तिथेच पायरीवर बसलो. खांबाला टेकून बसलेले बाबा आठवले, खडीसाखर आठवली, दात आठवले. डॉक्टरणीने बाबांबद्दल एवढं का विचारलं ते आता कळलं. बाबांना एकदाही कुणी महाडला नेलं नाही, मीसुद्धा. इतकी वर्षं आम्ही बाबांच्या दुखण्याला हात जोडत होतो.

महिपत निघताना देवीच्या पाया पडायला आला. "चांगलं घातलंस," म्हणाला आणि घसा खाकरला. मी विचारलं, "आडवा झोपलास की खोकला येतो?" तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

डॉक्टरणीचा नंबर दिला. त्याच्या गाडीच्या डिकीत चार विटा ठेवल्या. आवडी म्हणाली, "अवो, भांडुपला विटा मिळत नायत का?" मिळत असतील. पण आमच्या घरात त्या आणायला पंचावन्न वर्षं लागली, म्हणून मी हातात देऊनच पाठवल्या.